विरूपता आणि वाङ्मय

मनुष्याचें मुख हा त्याच्या अंतःकरणाचा आरसा होय, अशी समजूत सर्व देशांच्या वाङ्मयांत खोल रुजलेली आहे. नायिकेचें वर्णन करावयाचें तर कवि प्रथम तिच्या मुखाकडे वळतो. खलपुरुष रंगभूमीवर आणावयाचा असेल तर नाटककार त्याच्या गालावर एखादा व्रण काढून ठेवतो. वाचकहि या संकेताला इतका सरावलेला असतो कीं, त्यांत कोणावर कांहीं अन्याय होत असेल हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु ज्याचें रूप आजारानें किंवा अपघातानें पालटलें आहे, अशा माणसाच्या जागेवरून पाहिलें म्हणजे हाच संकेत निराळा दिसूं लागतो. कालपर्यंत जो चारचौघांसारखा होता त्याच्या कातडीवर पांढरा डाग उमटतो, किंवा तापांतून उठलेल्या मुलीचा चेहरा तिच्या मैत्रिणींनाहि ओळखूं येत नाहीं. आंतला माणूस तोच असतो. त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे डोळे मात्र पालटतात, आणि त्या डोळ्यांमुळें हळूहळू आंतला माणूसहि पालटूं लागतो. या दुहेरी पालटाला वाङ्मयानें कितपत न्याय दिला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

वाङ्मयानें या विषयाची वासलात बहुधा तीन प्रकारांनीं लावली आहे. पहिला प्रकार म्हणजे विरूपतेला दुष्टपणाची खूण मानणें. रामायणांतील मंथरा कुबडी आहे, आणि तिचें कुबड व तिची कुटिलता हीं दोन्हीं आपल्या मनांत इतकीं एकजीव झालीं आहेत कीं, एकाशिवाय दुसऱ्याची कल्पनाच येत नाहीं. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड तर आपल्या वांकड्या देहाचा दाखला देऊनच दुष्टपणाचा संकल्प सोडतो. या राजाचा सांगाडा १९१२ सालीं नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनीं, २०१२ सालीं, लेस्टर येथें मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखालीं सांपडला. त्याच्या पाठीचा कणा एका बाजूस वळलेला होता. परंतु नाटकांतलें कुबड किंवा वाळलेला हात यांचा त्यांत मागमूस नव्हता. एक खांदा दुसऱ्याहून कांहींसा उंच दिसत असेल इतकेंच, आणि तेंहि चांगल्या बेतलेल्या कपड्यांनीं झांकलें जाण्यासारखें होतें. नाटकानें त्या व्यंगाला फुगवून चारित्र्याचें रूप दिलें, आणि चार शतकें जगानें तें खरें मानलें. आजचे बोलपट याच वाटेनें गेले. म्हणूनच ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या संस्थेला, चेहऱ्यावरचे व्रण ही ज्यांत खलनायकाची खूण म्हणून वापरली आहे अशा चित्रपटांना आपण पैसा पुरविणार नाहीं, असें २०१८ सालीं जाहीर करावें लागलें.

दुसरा प्रकार याच्या उलट. व्हिक्टर ह्यूगोचा क्वासीमोडो (१८३१) बाहेरून जितका भेसूर तितकाच आंतून कोमल आहे. हा पालट उदार खरा. पण मौज अशी कीं, संकेत येथेंहि मोडलेला नाहीं, केवळ उलटा केलेला आहे. विरूप माणसानें सामान्य असून चालत नाहीं. त्यानें राक्षस व्हावें किंवा देवदूत व्हावें, आणि देवदूत झाल्यास ग्रंथ संपण्यापूर्वीं मरून जावें. थोडासा रागीट, थोडासा स्वार्थी, संध्याकाळीं पत्ते खेळणारा, मुलांच्या फीची चिंता करणारा, असा विरूप माणूस कादंबरीकाराला सुचत नाहीं.

तिसरा प्रकार आपल्या प्राचीन वाङ्मयाचा विशेष आवडता दिसतो, आणि तो म्हणजे रोगमुक्ति. ऋग्वेदांतील घोषा ही ऋषिका कातडीच्या विकारामुळें वय होईपर्यंत बापाच्या घरीं अविवाहित राहिली, आणि पुढें अश्विनीकुमारांनीं तिला रूप व पति दिला, असें परंपरा सांगते. अपालेला त्वचेच्या दोषामुळें पतीनें टाकिलें, तेव्हां इंद्रानें तिला रथाच्या छिद्रांतून तीनदां ओढून सूर्यासारखी तेजस्वी केलें. आठ ठिकाणीं वांकडा असलेला अष्टावक्र जनकाच्या सभेंत बापाच्या पराभवाचा सूड घेतो, आणि परत येतांना नदींत स्नान करतांच सरळ होतो. भागवतांतील कुब्जाहि कृष्णाच्या स्पर्शानें सुंदर होते. या कथा रम्य आहेत. पण त्यांतील उपकार देवाचा आहे, समाजाचा नाहीं. घोषेचें लग्न झालें तें तिचा डाग गेल्यावर. डाग तसाच असतां तिला कोणी वरिलें असतें काय, हा प्रश्न कथेनें विचारलेलाच नाहीं. ज्या सभेनें अष्टावक्राला कमी लेखिलें तिनें आपली दृष्टि सुधारण्याऐवजीं नदीनें त्याचे अवयव सुधारले, आणि सर्वांचीच सुटका झाली.

खऱ्या आयुष्यांत अशी नदी क्वचित् सांपडते. आपल्याकडील कोडाचेंच उदाहरण घ्या. शरीराची रोगप्रतिकारशक्ति चुकून आपल्याच रंगपेशींवर उलटते, त्या पेशी नष्ट होतात व तेवढी कातडी पांढरी पडते. हा विकार स्पर्शानें पसरत नाहीं, आणि त्यामुळें जीवालाहि धोका नसतो. जगांत शंभर माणसांत सुमारें एकाला तो होतो, म्हणजे कोणत्याहि मोठ्या गोतावळ्यांत तो असावयाचाच. औषधांनीं व विशिष्ट किरणांनीं कांहींचा रंग परत येतो, कांहींचा येत नाहीं. तरीहि डाग दिसतांच घरांत कुजबुज सुरू होते. मुलीला लांब बाह्यांचीं पोलकीं शिवलीं जातात, पाहुणे आले कीं तिला आंतल्या खोलींत काम निघतें, आणि धाकट्या बहिणीचें लग्न आधीं उरकावें कीं काय याचा खल होतो. या भयाला आमच्या भाषेनेंहि हातभार लाविला आहे. 'कोड' हा शब्द मूळ 'कुष्ठ' या शब्दापासून आलेला. हिंदींत त्याच्याच बहिणीचा अर्थ महारोग असा होतो. शिवाय आपण त्याला 'श्वेतकुष्ठ' असेंहि म्हणत आलों. एकमेकांशीं कांहींएक संबंध नसलेले दोन विकार एका शब्दानें एकत्र बांधले गेले, आणि एकाचें भय दुसऱ्याच्या वांट्यास आलें.

महारोगाची गोष्ट अधिक विदारक आहे. त्याचे जंतु हॅन्सेन या नॉर्वेजियन वैद्यानें १८७३ सालीं दाखविले. रोग्याचीं बोटें रोगानें गळून पडतात, ही जुनी समजूत चुकीची आहे, हें वेल्लोर येथें काम करणाऱ्या डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या मध्यास सिद्ध केलें. रोगानें मज्जातंतु बधिर होतात. चटका बसला तरी कळत नाहीं, खडा रुतला तरी पाय उचलला जात नाहीं, आणि अशा न दुखणाऱ्या जखमांनीं हातपाय झिजतात. दुखणें हें शरीराचें संरक्षण आहे, आणि तेंच येथें हिरावलें जातें. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें शिफारस केलेल्या संयुक्त औषधांनीं हा रोग सहा महिन्यांत ते वर्षांत बरा होतो. परंतु रोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत आमच्या पुस्तकांत होता, आणि महारोग हें घटस्फोटाचें कारण मानण्याची तरतूद २०१९ सालीं रद्द झाली. औषध निघाल्यावर समाजाला शहाणपण येण्यास पस्तीसचाळीस वर्षें लागावीं, यावरून कोणता रोग अधिक चिवट होता हें दिसून येतें.

याच्या उलट देवीचें पाहा. १९७५ सालीं आपल्या देशांतील शेवटचे रोगी सांपडले, आणि १९८० सालीं तो रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें. तत्पूर्वीं घरोघर देवीचे वण असलेलीं माणसें होतीं, आणि पिढीच्या पिढी त्यांच्याशीं लग्नें करून सुखानें नांदली. सौंदर्य कमी झाल्याचें दुःख होईच. परंतु त्या वणांनीं कोणी वाळींत पडला नाहीं. वण दिसण्यांत कोडाच्या डागाहून कमी ठळक नसत. फरक इतकाच कीं, एकाला समाजानें देवीचा प्रसाद म्हटलें व दुसऱ्याला पूर्वजन्मीचें पाप. तात्पर्य, विरूपतेचा अर्थ कातडीवर लिहिलेला नसतो. तो आपण वाचतांना घालतों.

हें वाचन रोग्याच्या मनांत कसें शिरतें, याचा एक मार्मिक प्रयोग क्लेक व स्ट्रेंटा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं कांहीं निरोगी माणसांच्या चेहऱ्यावर रंगानें व्रण काढला, तो आरशांत दाखविला, आणि मग शेवटचा हात फिरवावयाचा आहे या मिषानें तो त्यांच्या नकळत पुसून टाकिला. हीं माणसें दुसऱ्याशीं बोलून आल्यावर सांगूं लागलीं कीं, समोरचा माणूस आपल्याशीं अवघडून वागला. व्रण नव्हता; पण त्याची जाणीव होती, आणि ती पुरेशी झाली. यावरून विरूप माणसाचे सारे अपमान काल्पनिक असतात असें मात्र कोणीं समजूं नये. ज्याचा व्रण खरा आहे त्याला दोन ओझीं वाहावीं लागतात : एक लोकांच्या खऱ्या तिरस्काराचें, आणि दुसरें, समोरच्याच्या प्रत्येक मौनांत तिरस्कार आहे कीं नाहीं हें ताडून पाहण्याचें. दुसरें ओझें कोणालाच दिसत नाहीं. तें दाखविणें हें वाङ्मयाचें काम आहे, आणि फार थोड्यांनीं तें केलें आहे.

अशा थोड्यांत मी डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'चा (१८५२-५३) क्रम वर लावतों. ही कादंबरी न्यायालयाच्या दिरंगाईवरील टीका म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तिची नायिका एस्थर समर्सन ही अति गोड व अति नम्र म्हणून टीकाकारांच्या उपहासाचा विषय झाली आहे. परंतु ज्या प्रकरणांत एस्थरला रोग होतो तीं प्रकरणें मन लावून वाचलीं म्हणजे हा उपहास टिकत नाहीं. रस्ते झाडणाऱ्या एका अनाथ पोराकडून तिच्या दासीला, आणि दासीची शुश्रूषा करतांना तिला, तो रोग होतो. डिकन्स रोगाचें नांव कोठेंहि घेत नाहीं. पण ती देवी असावी हें उघड आहे. बरी होत असतां एस्थरच्या ध्यानांत येतें कीं, खोलींतील आरसे काढून टाकलेले आहेत. कोणी कांहीं बोललेलें नसतें; भिंतीवरची रिकामी जागाच तिला सर्व सांगते. पुढें हवापालटासाठीं गेली असतां एके दिवशीं ती एकटीच आरशासमोर उभी राहते, त्यावरील मलमलीचा पडदा बाजूस करते, तोंडावर आलेले केंस मागें सारते, आणि पाहते. डिकन्स येथें आक्रोश करवीत नाहीं. तो तिला आपल्या जुन्या चेहऱ्याचा निरोप घेऊं देतो, आणि तिच्या प्रियकरानें दिलेलीं वाळलेलीं फुलें जपून ठेवण्याचा आपल्याला आतां अधिकार आहे कीं नाहीं, या विचारांत तिला सोडून देतो. फुलांचा हा प्रश्न मला त्या प्रसंगाचें मर्म वाटतो. चेहरा गेला म्हणून प्रेमाच्या आठवणीवरचाहि हक्क गेला काय, असें जेव्हां माणूस स्वतःलाच विचारूं लागतो, तेव्हां विकार कातडीच्या खालीं पोंचलेला असतो.

यानंतरचे तीन प्रसंग तर मानसशास्त्राच्या ग्रंथांत शोभावेत. एस्थरची जिवलग मैत्रीण एडा भेटावयास येणार असते; तिची वाट पाहतां पाहतां एस्थर रस्त्यावर सामोरी जाते, अर्ध्या वाटेवरून भिऊन परत येते, आणि एडा घरांत शिरतांच दाराआड लपते. जिच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं तिचीच भीति सर्वांत मोठी, हें डिकन्सनें कोठून जाणलें असेल? दुसरा प्रसंग आईचा. लेडी डेडलॉक ही आपली आई आहे, आणि तें उघड झाल्यास तिची अब्रू जाईल, हें कळतांच एस्थरला आपल्या व्रणांचें समाधान वाटतें. कारण आतां मायलेकींच्या चेहऱ्यांतील साम्य पुसलें गेलें. आपल्या नुकसानीतून दुसऱ्याचा फायदा शोधून त्यावर जगण्याची ही धडपड आपणां सर्वांच्या घरांतील मुकाट सोसणाऱ्या स्त्रियांत आपण पाहिलेली आहे. तिसरा प्रसंग विनोदी असून सर्वांत क्रूर आहे. पूर्वीं एस्थरला लग्नाची मागणी घालणारा गपी नांवाचा वकिलाचा कारकून तिचा नवा चेहरा पाहतांच घाबरतो, आणि ती आपली मागणी आतां मान्य करील कीं काय या भीतीनें, तुमचा माझ्यावर कांहीं दावा नाहीं असें तिच्याकडून साक्षीदारासमोर वदवून घेतो. वाचक हंसतो, आणि हंसतां हंसतां लाजतो. कारण वधूपरीक्षेच्या बैठकींत बसलेले आपण सर्व थोडेबहुत गपीच असतों.

मात्र शेवटीं डिकन्सचेंहि धैर्य खचलें असें म्हणावें लागतें. एस्थरचें तिच्या आवडत्या डॉक्टराशीं लग्न होतें, तें व्रण असतांनाच होतें, आणि येथपर्यंत तो घोषेच्या कथेच्या पुढें गेला आहे. परंतु शेवटच्या ओळींत पति तिला सांगतो कीं, तूं पूर्वींपेक्षां अधिक सुंदर दिसतेस. आणि ती एक वाक्य अर्धवट सोडते. व्रण गेले कीं पतीच्या प्रेमानें ते दिसेनासे झाले, हें लेखकानें मुद्दाम संदिग्ध ठेविलें आहे. कित्येक रसिकांना ही संदिग्धता नाजूक वाटते. मला ती पळवाट वाटते. ज्या वाचकांनीं महिन्यामहिन्यानें हप्ते विकत घेतले त्यांना विरूप नायिका शेवटपर्यंत सोसवेल कीं नाहीं, याची लेखकाला खात्री नव्हती, आणि म्हणून त्यानें समंगा नदीचें थोडें पाणी जातां जातां शिंपडलें.

एस्थरला आरशानें जें शिकविलें तें हॉथॉर्नच्या 'बर्थमार्क' (१८४३) या कथेंतील जॉर्जियानाला पतीनें शिकविलें. तिच्या गालावर एक चिमुकला तांबडा डाग आहे. लग्नापूर्वीं लोक त्याला शोभा म्हणत, आणि तिलाहि तो तसाच वाटे. पति शास्त्रज्ञ आहे व त्याला पूर्णत्वाचा ध्यास आहे. त्याची नजर त्या डागावर पुन्हां पुन्हां अडखळूं लागते, आणि कांहीं दिवसांनीं ती स्वतःच म्हणते, हा डाग काढा. डाग जातो आणि त्याबरोबर तिचा प्राणहि जातो. कथा लहान आहे, रूपकाच्या अंगानें जाणारी आहे; पण डाग सोसवत नाहीं तो कोणाला, हें तिनें नेमकें दाखविलें आहे. गोरेपणाच्या मलमांवर पैसा उधळणाऱ्या आमच्या घरांनीं ती अवश्य वाचावी.

कल्पित पात्रांवरून खऱ्या माणसाकडे वळलें म्हणजे जोसेफ मेरिक आठवतो. १८६२ सालीं लेस्टर येथें जन्मलेल्या या माणसाचें डोकें व अंग विचित्र वाढींनीं इतकें बदललें कीं, 'हत्तीमाणूस' म्हणून त्याचें प्रदर्शन मांडलें गेलें. १८८६ पासून १८९० सालीं मृत्यु येईपर्यंत तो लंडन हॉस्पिटलांत राहिला. त्याचे शल्यवैद्य फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं १९२३ सालीं लिहिलेली आठवण सहृदय आहे. एका तरुण विधवेनें हंसून हात पुढें केला तेव्हां मेरिकला हुंदका आवरला नाहीं, हा त्यांतील प्रसंग विसरतां येत नाहीं. तरी त्या लेखांत मेरिकचें नांव चुकीचें दिलेलें आहे, आणि प्रथम पाहिलें तेव्हां हा मतिमंद असावा असें आपणांस वाटलें, असें ट्रीव्ह्ज स्वतःच सांगतात. दयाळू माणसाची नजरहि प्रथम कोठें अडते हें यावरून कळतें. पुढें बर्नार्ड पॉमरन्स यानें १९७७ सालीं या विषयावर नाटक लिहिलें, तेव्हां नटानें रंगभूषा करूं नये, केवळ देहाच्या वळणानें विरूपता सुचवावी, असा दंडक घातला. प्रेक्षकाला व्रण पाहण्याची चटक न लावतां माणूस ऐकावयास लावण्याची ही युक्ति फार विचारपूर्वक केलेली आहे.

आमच्या मराठींत काय आहे? बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समितीची स्थापना केली, आणि वरोड्याजवळ आनंदवन उभें राहिलें. त्यांच्या 'ज्वाला आणि फुले' या संग्रहांत रोग्याला दयेचा विषय न करतां श्रमाचा मानकरी केलेलें आहे. हें मोठें काव्य आहे. परंतु काव्याची दृष्टि स्वभावतः वीराकडे असते, आणि घरांत बसून आरसा टाळणाऱ्या मुलीचें सूक्ष्म दुःख त्याच्या टप्प्यांत येत नाहीं. तें काम २००६ सालीं सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या चित्रपटानें केलें. त्यांतील नीरजा ही अंगावर कोड असलेली डॉक्टर तरुणी आपल्यावर प्रेम करणाऱ्या तरुणाच्या घरीं जाते, आणि त्या सुशिक्षित, गोतावळ्यानें भरलेल्या घरांत प्रत्येक माणूस आपापल्या परीनें उघडा पडतो. चित्रपटाचा रोख नीरजेच्या डागांवर नसून पाहणाऱ्यांवर आहे, हेंच त्याचें यश होय. उपदेशाचा सूर मधूनमधून चढतो खरा. तथापि नायिकेला बरें करून कथा संपविण्याचा मोह त्यानें टाळला आहे, आणि तेवढ्यानें तो 'ब्लीक हाउस'च्याहि एक पाऊल पुढें गेला आहे.

शेवटीं आपल्या प्राचीन वाङ्मयांतील एका अपवादाचा उल्लेख केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. देवापि हा प्रतीप राजाचा वडील मुलगा, शंतनूचा ज्येष्ठ बंधु. तो धर्मनिष्ठ व लोकप्रिय होता. पण त्याच्या त्वचेला दोष होता. अभिषेकाची सिद्धता झाली असतां ब्राह्मणांनीं व पौरजनांनीं हरकत घेतली, प्रतीपाचा कंठ दाटून आला, आणि देवापि वनांत निघून गेला. महाभारताच्या उद्योगपर्वांत ही कथा धृतराष्ट्र दुर्योधनाला सांगतो. अंधत्वामुळें ज्याचें स्वतःचें राज्य हुकलें त्याच्या तोंडीं व्यासांनीं ती घातली आहे, ही गोष्ट टीकाकारांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्या मुलाला समजावतांना म्हातारा आपली जुनी जखम दाखवीत आहे. बृहद्देवतेंत पुढचा भाग येतो. धाकटा भाऊ राज्यावर बसल्यावर बारा वर्षें पाऊस पडला नाहीं. तेव्हां शंतनु प्रजेसह वनांत जाऊन देवापीला राज्य देऊं लागला. देवापीनें तें नाकारलें, परंतु भावाचा पुरोहित होऊन यज्ञ केला आणि पाऊस आणिला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अठ्ठ्याण्णवावें सूक्त त्याचें मानतात.

या कथेंत देवापि बरा होत नाहीं. कोणी देव येऊन त्याची कातडी उजळीत नाहीं. राज्याला नालायक ठरविलेला माणूस त्याच कातडीनिशीं परत येतो, आणि ज्यांनीं त्याला घालविलें त्यांच्या शेतांवर त्याच्या शब्दानें पाऊस पडतो. तरी त्याच्या बारा वर्षांचें काय झालें, वनांत तो कोणाशीं बोलला, पाण्यांत प्रतिबिंब दिसलें म्हणजे त्याला काय वाटे, हें बृहद्देवता सांगत नाहीं. तें सांगण्यासाठीं कादंबरी जन्मास आली आहे, आणि ती मराठींत कोणीतरी लिहावी. तोंवर, ज्या घरांत मुलीच्या हातावर पहिला डाग दिसून वडील मंडळी दार लोटून बोलत बसलीं असतील, त्या घरीं 'ब्लीक हाउस'मधील तीं चारपांच प्रकरणें, मुलीच्या समक्ष, मोठ्यानें वाचलीं जावींत अशी माझी सूचना आहे.